पेजेनं चिकटलेली दोन पानं

मी नाटकाची वही बोलतेय. दोनशे पानी, लांबोडकी, तपकिरी पुठ्ठ्याची. पुठ्ठ्यावर तेलाचा एक डाग आहे आणि मधली दोन पानं जरा फुगलेली आहेत. ती का फुगली, हे मला कुणाला तरी सांगायचंच होतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते लाखांदूरच्या बसस्टँडजवळचं दुकान. तिथे दहावीच्या गाइडांच्या चळतीशेजारी मी वर्षभर पडून होते. आपलं काय होणार, याची मला भारी उत्सुकता. गणिताच्या पोराच्या हाती पडू, की दूध डेअरीत जाऊ? एका दुपारी ईश्वर गुरुजी आले. त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं, कागदावर बोट घासलं आणि विचारलं, "शाई पसरत नाही न बाप्पा याच्यावर?"

"अजिबात नाही," दुकानदार म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

ईश्वर गुरुजी शाळेतून रिटायर झालेले आणि आमच्या गावच्या नाट्यमंडळाचे प्रॉम्प्टर. दिवाळी झाली की गावात मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते आणि मंडईला नाटक झालंच पाहिजे, नाहीतर पाहुणे रुसतात. गुरुजींनी दोन महिने बसून एका जुन्या, वाळवी लागलेल्या वहीतलं नाटक माझ्यात उतरवलं. अक्षर काय सुरेख! मला स्वतःचाच हेवा वाटायचा. नाटकाचं नाव मी सांगत नाही, कारण पोस्टरवर मंडळ दर खेपेला ते बदलतं. आतला संसार मात्र तोच, अविनाश आणि सुलभाचा. अविनाश पुण्यात इंजिनिअर, सुलभा त्याची बायको. दोघांचं एकमेकांवर इतकं प्रेम की तीन अंक पुरत नाहीत.

माझ्या पोटात हे एवढं प्रेम होतं, पण प्रेम म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. मिठाच्या बरणीला तरी मिठाची चव कुठे कळते? म्हणून मी माणसांकडे फार बारकाईनं पाहायचे. विशेषतः पुंडलिकरावांकडे.

पुंडलिकराव मंडळाचे कायमचे नायक. वय पंचावन्न, घरी धानाची शेती. मंडईच्या आठवडाभर आधी केसांना काळं लावायचं आणि अविनाश व्हायचं. आवाज मात्र खरोखर देखणा. ते "सुलभा" म्हणायचे तेव्हा माझी पानंसुद्धा सरळ होऊन बसायची. संवाद पाठ करायला गुरुजी मला त्यांच्याच घरी ठेवायचे.

आता अडचण अशी की सुलभा गावात नसायची. नाटकातल्या बाया वडशाच्या नाटक कंपन्यांतून येतात, त्याही नाटकाच्याच दिवशी, संध्याकाळच्या गाडीनं. तोंडाला रंग लावतात, स्टेजवर उभ्या राहतात आणि विंगेतून प्रॉम्प्टर जे वाचेल ते असं म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, जन्मभर हाच संसार केलाय. मग तोवर तालमीत पुंडलिकरावांच्या समोर सुलभा कोण? घरात जी असेल ती. त्यांची बायको, निर्मलाबाई.

तीन वर्षं मी हा प्रकार पाहिला. निर्मलाबाई स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या, डाव्या हातात मी, उजव्या हातात डाव. पुंडलिकराव दाराच्या चौकटीला टेकून म्हणायचे, "सुलभा, तुझ्या हातचा हा चहा म्हणजे अमृत!" निर्मलाबाई माझ्यात बघून वाचायच्या, "इश्श, काहीतरीच तुमचं." आवाज रेशनची यादी वाचावी तसा. मग पुंडलिकराव पान उलटायला सांगायचे. पाच-सहा पानं झाली की म्हणायचे, "पुरे आता. पाणी दे." आणि पाणी पिऊन, एक शब्द न बोलता, शेताकडे निघून जायचे.

मला मोठं कोडं पडायचं. तोंड तेच, कान तेच, घर तेच. मग वहीतलं बोलणं आणि पाणी मागणं यांच्यात एवढं अंतर कसं? अविनाश सुलभाशी अख्खा अंक बोलतो, आणि पुंडलिकराव निर्मलाबाईंशी दिवसाला मोजून चार वाक्यं. त्यातली दोन बैलांबद्दल. माणूस वाईट नव्हता हो. कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. नुसता गप्प.

यंदा मंडईच्या आधी निर्मलाबाईंचा मुलीशी फोन झाला. खुशबू साकोलीला असते, कापडाच्या दुकानात कामाला आहे. तिचा मोनू पाच महिन्यांचा, त्याला सांभाळायला कुणी नाही. निर्मलाबाई मला पोह्याच्या डब्यावर ठेवून बोलत होत्या, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"येतो न. मंडई झाली का दुसऱ्याच दिवशी येतो," त्या म्हणाल्या. "अन् खुशबू, मंग मी तिकडंच राहीन म्हणतो. कायमची. इथं असली काय अन् नसली काय, कोणाले फरक पडून राहिला?"

खुशबूनं पलीकडून वडिलांचं विचारलं असावं. निर्मलाबाई हसल्या, पण हसण्यात हसू नव्हतं. "थे? थ्याइले भात मिळाला का झालं. भात तं कोणीबी शिजवून देईन."

हे पुंडलिकरावांना कळलं होतं का? मुळीच नाही. त्यांना वाटत होतं, बायको नातवाला बघायला दोन दिवस जाते आहे. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण आम्ही वह्या, आमच्यात लिहिलेलं तेवढंच आम्ही बोलणार.

मंडईला तीन दिवस राहिले तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, निर्मलाबाई भाताचा गंज, म्हणजे पातेलं, तिरपा करून पेज काढत होत्या. दुसऱ्या हातात मी, बेचाळीस-त्रेचाळीस पानांवर उघडी. नाटकातला सगळ्यांत गोड प्रवेश तो. एकेचाळिसाव्या पानाच्या शेवटी अविनाश विचारतो, "दमलीस का गं?" आणि बेचाळिसाव्यावर सुलभा उत्तर देते, "तुम्ही जवळ असताना कसला आलाय थकवा?" त्यापुढे दीड पान अविनाशचं भाषण.

पुंडलिकराव चौकटीला टेकले, आवाजात सगळा मध ओतला आणि म्हणाले, "दमलीस का गं?"

निर्मलाबाईंनी माझ्यात पाहिलंच नाही. गंजातून निघणाऱ्या वाफेकडे बघत त्या म्हणाल्या, "हो. लय थकली."

माझं पान न् पान कान देऊन उभं राहिलं. आता काय होणार?

पुंडलिकराव चौकटीपासून सरळ झाले. "असं नाही लिवलं," ते म्हणाले. "वहीत पाहून म्हण न. तुम्ही जवळ असताना, असं हाय थे."

निर्मलाबाईंचा हात हलला आणि पेजेची धार माझ्या दोन्ही पानांवर आली. त्यांनी घाईनं पदरानं पुसलं, मला मिटलं आणि तांदळाच्या डब्याखाली दाबून ठेवलं. "मले टाइम नाही," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी मला हात लावला नाही. पुंडलिकरावांनीही मागितलं नाही, कारण तीन वर्षांत सगळं पाठ झालंय असा त्यांचा गैरसमज होता. तांदळाची पेज किती चिवट असते, हे आमच्या झाडीपट्टीतल्या भात खाणाऱ्या माणसाला सांगायला नको. डब्याच्या वजनाखाली माझी बेचाळीस आणि त्रेचाळीस ही पानं एकमेकींना घट्ट धरून वाळली.

मंडईच्या दिवशी गुरुजी आले आणि डब्याखालून मला ओढून घेऊन गेले. त्यांनी मला उघडून पाहायला हवं होतं, पण पाहुण्यांच्या गडबडीत राहून गेलं. रात्री मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. वडशाहून ललिताबाई आल्या होत्या, या वर्षीच्या सुलभा. पहिला अंक झकास रंगला. मी विंगेत गुरुजींच्या हातात, पानामागून पान.

एकेचाळिसावं पान आलं. पुंडलिकरावांनी ललिताबाईंच्या पदराचं टोक धरलं आणि म्हटलं, "दमलीस का गं?"

गुरुजींनी पान उलटलं. उलटली दोन. आणि त्यांनी खणखणीत आवाजात थेट चव्वेचाळिसाव्या पानावरचं वाक्य दिलं, "बाबा, तुम्ही कधी आलात?"

स्टेजवर बाबा नव्हतेच. ते मागे बिडी ओढत होते. ललिताबाई मुरलेल्या कलावंत. चूक झाली हे त्यांनी ओळखलं आणि चुकीचं वाक्य तोंडातून काढलं नाही. पुंडलिकरावांच्या डोळ्यांत बघत त्या नुसत्या गप्प उभ्या राहिल्या. इकडे गुरुजींची बोटं माझ्या पानांवर आपटत होती. मी जीव तोडून उघडायला बघत होते, पण पेज सोडेना. चूक माझ्या अंगावर घडत होती आणि मला काही करता येत नव्हतं.

पुंडलिकरावांनी एकदा विंगेकडे पाहिलं. मग समोर. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही, समोर एक बाई गप्प. ही गप्प बाई त्यांना कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली असणार. पदराचं टोक त्यांच्या हातून सुटलं.

"थकली असशील," ते हळूच म्हणाले.

हे माझ्यात नव्हतं. गुरुजींची बोटं थांबली.

"थकलीच असशील. मी इचारतो, अन् उत्तर बी मीच सांगतो तुले." पुंडलिकरावांचा आवाज नाटकातला राहिला नव्हता, तो शेताकडे जाणाऱ्या माणसाचा झाला होता. "धानाच्या रोवण्याच्या दिवसात तुह्या पायाच्या बोटात चिखल्या होतेत. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून तू त्याले हळद-तेल लावते, मले दिसू नये म्हणून. मले दिसते. मी डोळे मिटून पडलो राहतो. पहिला भात मले वाढते अन् खाली लागलेली खरवड तू घेते, म्हणते मले आवडते. जळकी खरवड कोणाले आवडते? एवढे वर्षं झाले. एक दिवस मी म्हटलं नाही, का आण, आज मले दे."

आता पाहा, अविनाश पुण्याचा इंजिनिअर. त्याच्या बायकोच्या पायाला चिखल्या कुठून होणार? पण मैदानात कुणी हसलं नाही. मग एकदम टाळ्या पडल्या, बायांच्या बाजूनं जास्त. त्या आवाजात बाबांचं काम करणारा इसम धावत स्टेजवर आला, गुरुजींचं वाक्य त्याला लागू झालं आणि नाटक पुढे सरकलं.

नाटक संपलं तेव्हा फटफटीत उजाडलं होतं. मंडळाची माणसं पुंडलिकरावांच्या पाठीवर थापा मारत होती. त्यांची नजर मात्र बायांच्या बाजूला निर्मलाबाईंना शोधत होती. तिथे त्यांनी बसायला नेलेलं पोतं रिकामं पडलं होतं. ललिताबाई चेहऱ्याचा रंग पुसता पुसता त्यांच्याजवळ आल्या.

"दादा, मी बारा वर्षं दुसऱ्याच्या बायका करून राहिली," त्या म्हणाल्या. "कोणतं बोलणं माझ्यासाठी अन् कोणतं नाही, हे मले समजते. थे माझं नव्हतं. ज्याचं हाय त्याले नेऊन द्या."

पुंडलिकरावांनी मला गुरुजींकडून घेऊन काखेत मारलं आणि तोंडाचा रंगही न पुसता घर गाठलं.

निर्मलाबाई तयार होत्या. दाराशी पिशवी, पिशवीवर घडी केलेली शाल. गॅसवर भाताचा गंज, कारण जातानाही नवऱ्यासाठी भात ठेवून जायचा होता. दुसऱ्या शेगडीवर चहाचं आधण उकळत होतं. त्यांनी नवऱ्याच्या रंगवलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"साऱ्या गावाले सांगितलं," त्या म्हणाल्या. "मले सोडून."

"तुह्याच बद्दल होतं न थे."

"माह्याबद्दल होतं. माह्याशी नव्हतं. एवढे दिवस तुमाले सारं दिसून राहिलं होतं, तं काहून नाही बोलले? दिसत नाही म्हणून बोलत नाही, असं समजून मी राहत होती. दिसते अन् तरी बोलत नाही, हे तं त्याहून वाईट."

खरं सांगते, मला हे सुचलंच नव्हतं. टाळ्या ऐकून मला वाटलं होतं, झालं, प्रेम म्हणतात ते हेच, आता सगळं गोड होईल. नाटकाच्या वहीला दुसरं काय वाटणार?

पुंडलिकराव खाली बसले. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि भराभर पानं उलटली. त्यांना ते दीड पानाचं भाषण हवं होतं, गोड, तयार, अविनाशचं. पानं चिकटलेली दिसली तशी त्यांनी कोपऱ्यात नख घातलं.

"फाडू नका," निर्मलाबाई म्हणाल्या. "इकडे द्या."

त्यांनी मला उकळत्या आधणावर धरलं. वाफ पानांत शिरली. रागानं ओठ आवळलेले होते, पण हात इतका हलका की माझा एकही धागा तुटला नाही. पेज सैल झाली आणि माझी दोन्ही पानं सावकाश एकमेकींपासून सुटली.

दोन्हींवर निळ्या डागांशिवाय काही नव्हतं. दुकानदार साफ खोटं बोलला होता.

"काहीच दिसत नाही," पुंडलिकराव म्हणाले.

"नाही दिसत, तं बोला आता."

तुम्हाला सांगते, हजार माणसांसमोर घळाघळा रडू शकणारा तो माणूस एका बाईसमोर उभा राहिला आणि त्याच्या कपाळाचा रंग घामानं वाहू लागला. मग त्यांनी दोन ताटल्या घेतल्या. गंजावरचं झाकण काढून वरचा मऊ भात एका ताटलीत वाढला आणि ती निर्मलाबाईंपुढे सरकवली. डावानं तळ खरवडला, जळकी खरवड आपल्या ताटलीत घेतली आणि एक घास खाल्ला.

"कडू हाय," ते म्हणाले.

"हाय न."

"मंग तू काहून खाते?"

"टाकून कोण देईन?"

बराच वेळ दोघं जेवत राहिले. मी ओट्यावर उघडी पडले होते, ओली, आणि कानात प्राण आणून ऐकत होते. शेवटी पुंडलिकराव ताटलीकडे बघत म्हणाले, "तू जाय साकोलीले. खुशबूले गरज हाय. पण मी तुले घ्याले येऊ का?"

आणि मग त्यांनी असं काही केलं, जे मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. ते गप्प बसून उत्तराची वाट पाहू लागले.

निर्मलाबाईंनी लगेच हो म्हटलं असतं तर ते नाटक झालं असतं. त्या उठल्या, ताटली धुतली, पदराला हात पुसले. "पाहतो," त्या म्हणाल्या. "इचार करून सांगतो." पिशवी पुंडलिकरावांनी उचलली आणि फाट्यापर्यंत नेऊन दिली.

त्यानंतरचे दिवस मी पोह्याच्या डब्यावर वाळत काढले. गुरुजी एकदा येऊन गेले, म्हणाले, ती दोन पानं नव्यानं लिहून देतो. पुंडलिकराव म्हणाले, "राहू द्या न गुरुजी, घाई काय हाय?" ते आता स्वतः भात शिजवतात. तीनदा कच्चा राहिला, दोनदा करपला. रोज संध्याकाळी फोन करतात आणि मोनूनं काय केलं ते विचारतात. घ्यायला येऊ का, हे पुन्हा एकदाही विचारलं नाही. एकदा विचारलंय, उत्तर तिच्याकडे आहे. दिवसभर फोन खिशात, आणि खिशावर हात.

काल गुरुवार. ते पेज काढत होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकून माझ्याशेजारी ठेवला होता. मोनूचं झालं, खुशबूचं झालं.

"थकली का?" पुंडलिकरावांनी विचारलं. आवाजात मध नव्हता. गंज तिरपा धरलेला, तोंडावर वाफ.

पलीकडे मोनूचं कुरकुरणं ऐकू आलं. मग निर्मलाबाई म्हणाल्या, "हो. लय थकली."

हेच वाक्य, हीच वाफ. पुंडलिकरावांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणतात, असं नाही लिवलं.

"मंग?" ते म्हणाले.

गंज खाली ठेवला, गॅस बंद केला आणि ते जमिनीवर भिंतीला टेकून बसले. निर्मलाबाई बोलू लागल्या. मोनू दिवसभर मांडीवरून उतरत नाही इथपासून सुरू झाल्या आणि कुठच्या कुठे गेल्या. लग्न होऊन आल्या त्या वर्षाच्या रोवण्यापर्यंत गेल्या. पुंडलिकराव मधूनच "हं" म्हणत होते, मधूनच "मंग?" एवढंच. भात गार झाला. फोन ठेवायच्या आधी त्या म्हणाल्या, "शनिवारी या. सकाळच्या गाडीनं. अन् माही जुनी चप्पल आणजा, थे नवी चावते."

पुंडलिकरावांनी पेन्सिल शोधली. कागद मिळेना, म्हणून मला ओढलं आणि त्रेचाळिसाव्या पानावर, निळ्या डागांच्या मधल्या रिकाम्या जागेत लिहिलं: शनवार, सकाळची गाडी, जुनी चप्पल. अक्षर अगदी गचाळ. माझ्या सगळ्या पानांत आता मला तेच सर्वांत आवडतं.

तर अशी मी. बरीचशी सुरेख, दोन पानं डागाळलेली. प्रेम म्हणजे काय ते मला पुरतं कळलंय असं म्हणण्याइतकी मी शहाणी नाही. एवढं समजलं की अविनाश विचारतो तेव्हा सुलभाचं उत्तर आधीच लिहिलेलं असतं, म्हणून त्याला ऐकावं लागत नाही. तुमच्या घरात मात्र ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. माझी विनंती इतकीच, की विचारलंत तर जरा थांबा.

आज शुक्रवार. जुनी चप्पल पिशवीत गेली आहे, इस्त्रीचा सदरा खुंटीवर आहे. निर्मलाबाई उद्या परत येतील, की मोनूसाठी अजून चार दिवस राहीन म्हणतील? मला माहीत नाही. पुंडलिकरावांनाही माहीत नाही. ते मघापासून तिसऱ्यांदा चप्पल पिशवीतून काढून पुसत आहेत.